पेव, कणगी आणि प्रसादाचा शिरा

गेल्या पौषात एका वाटणीच्या कामानिमित्त आम्हांस आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर येथे जाण्याचा योग आला. पैनगंगेच्या दक्षिणेचा हा मुलूख. एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ नंतर आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात, आणि २०१६ पासून स्वतःच्याच नावाच्या मंडलात, अशी या गावाची कागदोपत्री यात्रा झाली. राज्ये बदलली, परंतु घरातील मराठी काही बदलली नाही. आमचे अशील दोघे वृद्ध बंधू. त्यांच्या वडिलांच्या वेळच्या एका जुन्या वाटणीपत्रात घर, गोठा व विहीर यांच्या जोडीला 'अंगणातील पेव एक, कणग्या चार' असा उल्लेख आम्हांस आढळला. कणग्या केव्हाच मोडल्या होत्या. पेव दगडमातीने बुजले होते, व नव्या वाटणीची रेषा नेमकी त्याच्या तोंडावरून जात होती. बुजलेल्या खड्ड्यावरून भांडण कशाला, असे आम्ही म्हणालो, तेव्हा थोरले बंधू शांतपणे उत्तरले, "साहेब, सारं घर त्या खड्ड्यानं जगवलं."

वाटणी सामोपचाराने झाली व त्याप्रीत्यर्थ घरी सत्यनारायणाची पूजा ठरली. आम्हीही थांबलो. कथा यथासांग झाली. साधुवाण्याची कन्या कलावती प्रसाद न घेता पतीच्या भेटीस धावली म्हणून नौका अदृश्य झाली. तुंगध्वज राजाने गोपांनी दिलेला प्रसाद अव्हेरला म्हणून त्याचे राज्य व पुत्र गेले. हे अध्याय आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नकोत. कथा संपली, शिऱ्याचे द्रोण फिरू लागले. धाकट्या बंधूंची नऊ वर्षांची नात मात्र खांबाला टेकून उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही. तिला दोन वर्षांपूर्वी सीलिॲक नावाचा विकार असल्याचे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते व गहू जन्माचा वर्ज्य केला होता. पोरीने आजीचा पदर ओढून हळूच विचारले, "आजी, म्या परसाद नाही खाल्ला त बाबाच्या गाडीले काही होईन का वं?" तिचा बाप कापसाची मालमोटार चालवतो व त्या रात्री तो वाटेवर होता.

या एका प्रश्नाने आमचे मन अस्वस्थ झाले. बालिकेच्या मनात हे भय उत्पन्न व्हावे हा कथेचा हेतू खास नव्हे. पण मग दोष कोणाचा? गव्हाचा, रोगाचा, की आमच्या अर्थ लावण्याचा? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही धान्यांच्या इतिहासात शिरलो. तेथे जे सापडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

गव्हातील चीक

मळलेली कणीक वाहत्या पाण्याखाली धूत राहिले तर पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा एक चिवट गोळा उरतो. त्यासच ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो याच चिकाच्या बळावर. गहू, जव व राय या धान्यांत तो असतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका यांत तो नसतो. बहुसंख्य माणसांस त्यापासून यत्किंचितही अपाय नाही. तेव्हा धडधाकट मनुष्याने केवळ रीत म्हणून गव्हाशी वैर धरण्याचे कारण नाही. परंतु काहींच्या देहात या चिकामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटते, रक्त कमी पडते. यावर औषध असे नाही. ग्लूटेन आजन्म वर्ज्य करणे हाच एक उपाय. येथे एक सूचना अगत्याची आहे. नुसत्या संशयावरून तपासणीपूर्वीच गहू सोडू नये, कारण तसे केल्यास रक्ताच्या व आतड्याच्या परीक्षेत रोग लपून राहतो.

या रोगाचे वर्णन १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी या वैद्याने केले व रुग्ण बरा व्हायचा तर तो आहारानेच होईल असा कयासही केला. पण कोणता आहार, हे गूढ राहिले. ते उकलले डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी. गव्हाविषयीचा त्यांचा संशय महायुद्धापूर्वीचा. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई होऊन पाव दुर्मीळ झाला. त्या दिवसांतील अनुभवाने त्यांचा तर्क बळावला, आणि १९५० मध्ये उट्रेख्ट येथे सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो शास्त्रीय पुराव्यानिशी मांडला. आपल्याकडे हा रोग उत्तरेतील गहू खाणाऱ्या प्रांतांत अधिक आढळतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी व भात हेच अन्न होते, तेथे तो असला तरी उघडकीस येण्यास कारण थोडे होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

भाकरीचा मुलूख

मात्र येथे पूर्वजांच्या शहाणपणाचे पोवाडे गाण्याची घाई करू नये. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ती शेतकऱ्यांची वसाहत. तेथील मुख्य धान्य होते जव! म्हणजे ज्यात चीक आहे, तेच. आज आपण जिला अस्सल देशी समजतो ती ज्वारी मूळची आफ्रिकेतील असून काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. ती दख्खनच्या काळ्या भूमीत अशी रुजली, की भाकरी म्हटले की ज्वारीचीच, हा संकेत ठरून गेला. तेव्हा हे धान्य शुद्ध व ते अशुद्ध, असा निवाडा इतिहास देत नाही. भूमीला मानवले ते टिकले, एवढेच तो सांगतो.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हीच ज्वारी. तेलुगूत तिला जोन्न म्हणतात. गोंड पाड्यांतही तिचाच आधार. गहू हे सणाचे धान्य. पुरणपोळीला, लग्नाला, पाहुण्याला. भीमपूरच्या आजींच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या लहानपणी घरात गहू वर्षातून बोटांवर मोजण्याइतक्या दिवशीच दळला जाई.

ही घडी विस्कटली ती स्वातंत्र्यानंतर. १९५६ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात पी. एल. ४८० या कायद्यान्वये धान्याचा पहिला करार झाला. १९६० च्या करारान्वये तर चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू येण्याचे ठरले. पुढे हरितक्रांती झाली व गहू स्वस्त धान्याच्या दुकानात कायमचा येऊन बसला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी लोकांनी नाके मुरडीत का होईना खाल्ली, हे अनेक घरांत अजून सांगितले जाते. हळूहळू पोळी ही प्रतिष्ठेची व भाकरी गरिबीची, असा भेद मनात रुजला.

याच १९५६ साली राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हे मंडळ मुंबई राज्यास जोडले गेले. उरलेला भाग आंध्रात राहिला. भाषेची म्हणून आखलेली ही सीमा पुढे शिधापत्रिकेचीही सीमा झाली. पलीकडे महाराष्ट्रात गहू व तांदूळ, अलीकडे तेलंगणात मुख्यतः तांदूळ. त्या बालिकेची आत्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिलेली आहे. तिच्याकडे गेले की पोरीचे हाल, व आपल्या घरी ती सुखात, असे आजी म्हणाल्या. राजकारणाने आखलेल्या रेषेचा असा परिणाम ती आखणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

पेव आणि कणगी

आता त्या बुजलेल्या पेवाकडे वळू. पाणी न लागणाऱ्या उंचवट्याच्या जागी, घट्ट मुरमात, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असा खड्डा खणीत. आत जाळ करून भिंती कोरड्या करीत, कडबा वा पेंढा यांचे अस्तर देत व उन्हात कडकडीत वाळवलेली ज्वारी भरून तोंडावर शिळा ठेवून ते मातीने लिंपून टाकीत. तेलंगणात यासच पातर म्हणतात. कोंडलेल्या धान्याच्या श्वसनाने आतील प्राणवायू संपत येतो, त्यामुळे कीड जगत नाही. कडेचे धान्य कुबट झाले तरी मधले कित्येक वर्षे राही. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. हा नियम न पाळल्याने प्राण गेल्याच्या कथा गावोगावी आहेत. सांगलीजवळ हरिपूर येथे याच विद्येने हळदीची पेवे भरत. २००५ च्या महापुरात त्यांचा मोठा नाश झाला. एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की तिचे 'पेव फुटले' असे आपण आजही म्हणतो, पण ज्यावरून हे म्हणतो ते पेव पाहिलेले लोक आता थोडे.

पेव दुष्काळासाठी, तर कणगी नित्याच्या खर्चासाठी. बांबूच्या वा तुरीच्या काड्यांची विणलेली, शेणमातीने सारवलेली, जमिनीपासून उचलून ठेवलेली. श्रीमंतांच्या वाड्यात भिंतीतील बळद. गरिबाघरी मडक्यांची उतरंड. धान्यात कडुनिंबाचा पाला, राख किंवा बिब्बे घालीत. डाळीला एरंडेल चोळीत. कोकण व कानडा प्रांती भाताच्या पेंढ्यात घट्ट आवळलेली तांदळाची मुडी असे; आमच्या कोंकणी वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस 'मुडो' आठवत असेल.

या सर्व व्यवस्थेत एक गुण होता, जो त्या काळी कोणी मुद्दाम योजला नव्हता. ज्वारीचे पेव ते ज्वारीचे, तांदळाची मुडी ती तांदळाची. एका धान्याचा दुसऱ्यास सहसा स्पर्श नसे. आज ज्वारी बाजारातून येते ती कालच्या गव्हाच्या पोत्यातून. दळली जाते ती गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत. चाळली जाते त्याच चाळणीने. निरोगी माणसास यात वावगे काहीच नाही, पण या रोगात चिमूटभर पीठही उपद्रव करते. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थाच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, अशी मर्यादा घातली आहे. १ किलोत ५० हजार वेळा २० मिलिग्रॅम मावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे गिरणीच्या दगडाला चिकटलेल्या कणकेचे महत्त्व कळेल. नियमाचा उपयोग वेष्टनावरील छापील शब्दापुरता. गिरणीतून आणलेल्या पिठाच्या डब्यावर काय छापलेले असते?

उपासाची उतरंड

येथे आमच्या देवळांच्या व घरांच्या परंपरेने एक साधन आपल्या हाती आयतेच दिले आहे. एकादशीस, शिवरात्रीस अन्नधान्य वर्ज्य. म्हणून वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांचा फराळ. यांतील शिंगाडा हे तळ्यातील फळ, वरी हे तृणधान्य. तर राजगिरा व ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, दोन्ही मूळचे अमेरिकेतील! धर्मशास्त्राच्या जुन्या याद्यांत त्यांचे नाव नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना उपवासात मुक्तद्वार मिळाले असावे. ते कसेही असो, या चारांपैकी एकातही ग्लूटेन नाही. शिवाय उपासाचे डबे वेगळे, भांडी वेगळी, दळण वेगळे, ही सोवळ्याची शिस्त. ती पुण्यासाठी होती, आरोग्यासाठी नव्हे. परंतु रुग्णास आज नेमकी तीच शिस्त हवी आहे. फरक इतकाच, की त्याची एकादशी आयुष्यभराची आहे.

आमच्या सारस्वत स्वयंपाकघरांतही भांडार भरलेले आहे. फणसाच्या पानांतील खोट्टे, हळदीच्या पानांतील पातोळ्या, सान्नां, घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी. यांपैकी कशालाच गहू लागत नाही. मात्र काही गोष्टी वेष पालटून येतात. बाजारच्या बांधीव हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत तो असतोच. कुरडई व शेवया तर गव्हाच्याच. सातूच्या पिठात गहू किंवा जव. वेष्टनात मिळणाऱ्या मालावर ग्लूटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. तेव्हा हिंगाची डबी उलटून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

साठवणुकीविषयी भीमपूरच्या आजींनी जे सांगितले त्यात आम्हांस भर घालण्यासारखे थोडेच आढळले. धान्य अखंड साठवावे, पीठ थोडे थोडे दळावे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते; ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते व भाकरी थापताना तुटते. मग उकळत्या पाण्यात पीठ उकडून घ्यावे. गव्हाचा चीक जे काम करतो ते येथे उकड करते. वरी दमट जागी ठेवू नये व तिचे दळलेले पीठ दुकानातून आणू नये. बुरशी लागलेल्या भगरीतून उपासाच्या दिवशी विषबाधा झाल्याच्या वार्ता अलीकडे मराठवाडा-विदर्भातून वारंवार येतात. जेथे घरात गहूही येतो तेथे रुग्णाचे डबे वरच्या फळीवर व कणकेचा डबा सर्वांत खाली. कारण पीठ वरून खाली सांडते, खालून वर नव्हे. चाळणी, लाटणे व पोळपाट स्वतंत्र. पोती नवी.

'अभाव' म्हणजे काय?

आता मूळ प्रश्न. प्रसादाचे काय?

पूजा सांगणारे गुरुजी वृद्ध व सज्जन होते. पोरीचा प्रश्न त्यांच्याही कानी गेला होता. ते म्हणाले, "शिरा गव्हाच्या रव्याचा, हे परंपरेने आलेले. मी कसे बदलू?" आम्ही त्यांना पोथी पुन्हा उघडण्याची विनंती केली. ज्या अध्यायात नैवेद्याचे साहित्य सांगितले आहे, तेथेच गव्हाच्या पिठाच्या पाठोपाठ असा विधी आहे, की त्याच्या अभावी साळीचे पीठ घ्यावे, व साखरेच्या जागी गूळही चालेल. म्हणजे पर्याय आमचा नव्हे, पोथीचाच.

गुरुजींची शंका खरी वकिली होती. "अभावी, म्हणजे नसेल तर. गहू तर घरात आहे." आमच्या व्यवसायात अशा शब्दांवर आयुष्ये जातात. १५८४ च्या हेडनच्या खटल्यापासून इंग्रजी न्यायालये सांगत आली आहेत, की कोणता दोष दूर करण्यासाठी नियम झाला ते पाहून अर्थ लावावा. पण त्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय यागातील प्रतिनिधिद्रव्याची चर्चा करतो. व्रीही मिळत नसेल तर त्याच्याशी साम्य असलेला नीवार घ्यावा, परंतु विहित कर्म सोडू नये, हा त्या विचाराचा गाभा. आमच्याच व्यवसायातील एक थोर पुरुष, महामहोपाध्याय पां. वा. काणे, यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना हे वारंवार दाखवून दिले आहे, की आमचे शास्त्रकार देश, काल व शक्ती पाहून विधी सांगत, अंधपणे नव्हे.

आम्ही म्हणालो, "गुरुजी, या व्रतात प्रसाद कशासाठी? बंधुबांधवांसह सर्वांनी घ्यावा म्हणून. कलावतीची व राजाची कथा हेच सांगते, की कोणी मागे राहू नये, कोणी कोणाला तुच्छ लेखू नये. राजाने प्रसाद अव्हेरला तो गर्वाने. ही पोर अव्हेरीत नाही. तिला तो घेताच येत नाही. जे द्रव्य घरच्याच लेकराला ग्रहण करता येत नाही, त्याचा तिच्यापुरता अभावच नव्हे काय?"

गुरुजी बराच वेळ पोथीकडे पाहत राहिले. मग त्यांनी पोरीला जवळ बोलावून विचारले, "बाळ, तुला भात चालतो?" ती म्हणाली, "चालते." ते यजमानांकडे वळून म्हणाले, "पुढच्या पौर्णिमेला पुन्हा पूजा करू. सव्वा शेर तांदळाच्या रव्याचा शिरा, सर्वांना तोच. दोन पातेली नकोत." हे शेवटचे वाक्य आम्हांला विशेष वाटले. वेगळे पातेले केले असते तर पोरीचे पोट सुरक्षित राहिले असते, पण ती खांबापाशीच उभी राहिली असती.

तांदूळ शिधापत्रिकेवर मिळालेला होताच; प्रश्न रव्याचा होता. गिरणीत गहू दळला जातो. आजींनी माळ्यावरचे जाते उतरवले, टाकीवाल्याला बोलावून दोन्ही तळ्या नव्याने टाकवून घेतल्या, व आधीचे दोन पसे तांदूळ दळून ते पीठ गाईला घातले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या पौर्णिमेला आम्हांस कोर्टाच्या कामामुळे जाता आले नाही. थोरल्या बंधूंनी दूरध्वनीवर वृत्तान्त कळवला. शिरा थोडा चिकट झाला होता, पण पातेले रिकामे झाले. आणि द्रोण वाटायला पोरच उभी होती.

वाटणीत ते पेव अखेर सामाईक ठेवण्याचे ठरले. कागदावर आम्ही तसे लिहून दिले आहे.